गारगोटीचे घटिकापात्र

काळ मोजण्याच्या बाबतीत माळव्याची भूमी मोठ्या मानाची आहे. प्राचीन ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा उज्जयिनीवरून नेली, आणि पंचांगाचे गणित करणारा पंडित कोठलाही असो, त्याने आपल्या गावचा काळ उज्जयिनीच्या काळाशी ताडून पाहावा असा प्रघात पडला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाने ज्या पाच वेधशाळा उभारल्या, त्यांतील एक ह्याच नगरीत आहे. पुढे मोडकळीस आलेल्या त्या वेधशाळेचा जीर्णोद्धार १९२३ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी केला, ही गोष्ट मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. उज्जयिनीला लागूनच देवासचा जिल्हा; आणि त्या जिल्ह्यात लोहारदा नावाचे एक लहानसे नगर आहे. आजच्या विषयासाठी आपण तेथेच जाऊ.

समजा, लोहारद्याच्या एखाद्या शेतकऱ्याने आपल्या विहिरीच्या कठड्यावर मुठीत मावेल एवढे एक यंत्र बसविले. विहिरीत पाणी किती आहे हे त्याने मोजावे, घरी ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रास बिनतारी संदेशाने कळवावे आणि तिकडून हुकूम येताच पाण्याची झडप उघडावी, एवढेच त्याचे काम. विहिरीवर विजेची तार नाही. यंत्राच्या पोटात रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल आहे, आणि नखावर ठेवता येईल असा एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे हिशेब करणारा व बिनतारी बोलणारा चिमुकला संगणक, आहे. विकणारा सांगतो की हा सेल दहा वर्षे पुरेल. तो खरोखरच दहा वर्षे पुरतो की दोन वर्षांत संपतो, हे पुष्कळ अंशी त्या मायक्रोकंट्रोलरशेजारी बसविलेल्या, तांदळाच्या दाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या, एका स्फटिकावर अवलंबून असते. हा स्फटिक कसा निवडावा, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा वाटतो. परंतु त्याच्या पाठीशी काळ मोजण्याचा सारा इतिहास उभा आहे, आणि तो पाहिल्यावाचून प्रश्नाचे मर्म नीट कळत नाही.

आपले जुने घटिकापात्र आपण पुष्कळांनी लग्नघरी पाहिले असेल. तांब्याची एक वाटी, तिच्या तळाशी बारीक छिद्र. ती घंगाळातील पाण्यावर सोडावयाची. छिद्रातून पाणी आत शिरते, वाटी भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. एका अहोरात्रात अशा साठ घटका. म्हणजे एक घटका आजच्या हिशेबाने २४ मिनिटांची. ‘घटका भरली’ हा आपल्या भाषेतील वाक्प्रचार ह्याच वाटीतून आलेला आहे. हे साधन साधे खरे, परंतु घड्याळाविषयीचे तीन मोठे प्रश्न त्यातच सामावलेले आहेत. छिद्र किती अचूक पाडले आहे, हा पहिला. पाणी थंड आहे की कोमट, स्वच्छ आहे की गढूळ, हा दुसरा. कारण पाणी बदलले की वाटी बुडण्यास लागणारा वेळही बदलतो. आणि वाटी बुडताच ती उचलून पुन्हा पाण्यावर ठेवण्यासाठी जो माणूस रात्रभर जागत बसावयाचा, त्याच्या पोटापाण्याची सोय काय, हा तिसरा. अचूकपणा, भोवतालची हवा आणि जागे राहण्याचा खर्च, हे तीन प्रश्न साधने बदलली तरी सुटले नाहीत. ते केवळ वेश बदलून पुन्हा पुन्हा पुढे येत राहिले.

जोवर गाव आपल्यापुरते जगत होते, तोवर प्रत्येक गावाने आपला सूर्य पाहून आपला काळ ठरविला तरी कोणाचे काही अडत नव्हते. देवासच्या माथ्यावर सूर्य येतो तो आजच्या भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेवर येतो त्याहून सुमारे २६ मिनिटे उशिराने. मुंबईत हे अंतर सुमारे ३९ मिनिटांचे आहे. आगगाडी आणि तारायंत्र आले तेव्हा हा भेद बोचू लागला, कारण आता दूरच्या दोघांना ठरल्या क्षणी एकमेकांस भेटावयाचे होते. १९०६ सालच्या १ जानेवारीस हिंदुस्थानची प्रमाणवेळ अमलात आली. तथापि मुंबईने आपली निराळी वेळ सहजासहजी सोडली नाही. शहराच्या कारभारात ती १९५५ सालापर्यंत टिकून राहिली, आणि तोवर कोणी वेळ सांगितली की ती मुंबईची की स्टँडर्ड, असे विचारावे लागे. ह्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकट्याला घड्याळाची निकड फारशी नसते. ती भासते भेटीसाठी. दोघांची घड्याळे जुळत नसतील, तर एकाला दुसऱ्याची वाट पाहत तिष्ठत बसावे लागते. हे तिष्ठणेच आपल्या आजच्या कथेचे सार आहे.

आता गारगोटीकडे वळू. नदीच्या पात्रात किंवा माळावर सापडणारी पांढरी गारगोटी आणि शास्त्रज्ञांचा क्वार्ट्झ हे एकाच द्रव्याचे. १८८० साली फ्रान्समधील पिएर आणि झाक क्यूरी ह्या बंधूंना असे आढळले की काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युद्भार निर्माण होतो. ह्याच्या उलट, स्फटिकास विजेचा दाब दिला तर तो किंचित आकसतो वा प्रसरण पावतो, हेही लवकरच सिद्ध झाले. पहिल्या महायुद्धात पाण्याखालच्या पाणबुड्या हुडकण्यासाठी लांजव्हँ ह्या शास्त्रज्ञाने ह्या गुणाचा उपयोग केला. त्यानंतर अमेरिकेतील वॉल्टर केडी ह्यांच्या ध्यानात आले की योग्य मापाने कापलेली क्वार्ट्झची चकती विजेच्या योगाने घंटेसारखी आपल्या ठराविक सुरात कंप पावते, आणि तो सूर सहसा ढळत नाही. १९२३ साली हार्वर्ड येथील पिअर्स ह्यांनी ह्या कंपनांवर चालणारी सुटसुटीत रचना तयार केली. आजच्या बहुतेक मायक्रोकंट्रोलरमध्ये स्फटिकाभोवती जी विद्युत्‌रचना असते, ती मूलतः पिअर्स ह्यांचीच आहे.

ह्या शोधाची गरज बिनतारी ध्वनिक्षेपणाला तातडीने होती. प्रत्येक केंद्राने आपापली लहर सोडू नये, नाही तर एकाचे गाणे दुसऱ्याच्या भाषणात मिसळते. १९२७ सालच्या २३ जुलैस मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, आणि योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरेन मॅरिसन आणि त्यांचे सहकारी हॉर्टन ह्यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारे पहिले घड्याळ जगापुढे मांडले. त्यातील स्फटिक सेकंदास ५०,००० कंपने करी. थोड्याच वर्षांत क्वार्ट्झची घड्याळे इतकी सुधारली की पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यातील बारीकसारीक अनियमितपणा त्यांच्यामुळे उघडकीस येऊ लागला. ज्या सूर्याच्या छायेवर जयसिंगाची यंत्रे काळ मोजीत, त्या सूर्याच्या वेळेचीच चूक आता गारगोटी दाखवू लागली.

परंतु घटिकापात्राचा दुसरा प्रश्न, म्हणजे भोवतालच्या हवेचा, येथेही उभा राहिला. तापमान बदलले की स्फटिकाचा सूर बदले. मग स्फटिक कोणत्या कोनात कापावा ह्याचा शोध सुरू झाला, आणि १९३४ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतच असा एक कोन सापडला की त्या कोनात कापलेली चकती नेहमीच्या उष्णतेत फारशी विचलित होत नाही. ‘एटी’ ह्या नावाने ती कापणी ओळखली जाते, आणि बिनतारी यंत्रांत ती आजही प्रमुख आहे. दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांच्या व विमानांच्या बिनतारी संचांसाठी असे स्फटिक कोट्यवधींच्या संख्येने बनविले गेले. कच्ची गारगोटी बहुतेक ब्राझीलमधून येई. त्या घाईत एक नवेच संकट उद्‌भवले. कारखान्यातून निघताना बिनचूक असलेले स्फटिक काही आठवड्यांत आपला सूर सोडू लागले. घासताना पृष्ठभागावर राहिलेला मोडका, भुगभुगीत थर दमट हवेत हळूहळू सुटत होता, हे त्याचे कारण. नुसते घासून माप न साधता शेवटचा थर आम्लाने खाववून काढण्याची रीत पडली, तेव्हा हे दुखणे आटोक्यात आले. तेव्हापासून स्फटिकाची पारख करताना तो आज किती अचूक आहे एवढेच न पाहता, वर्षानंतर किती ढळेल हेही पाहण्याचा रिवाज झाला.

तिसरा प्रश्न, जागे राहण्याच्या खर्चाचा, मनगटी घड्याळाने पुढे आणला. १९६९ सालच्या २५ डिसेंबरला जपानच्या सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले. त्यातील स्फटिक सेकंदास ८,१९२ कंपने करी. कंपने वाढविली तर स्फटिक लहान करता येतो आणि अचूकपणा साधणे सोपे जाते. पण कंपने मोजणाऱ्या मंडलाला प्रत्येक कंपनामागे थोडी वीज लागते, म्हणून सेल लवकर संपतो. १९७४ साली ओमेगा कंपनीने दुसऱ्या टोकाचा प्रयोग केला. सेकंदास २३,५९,२९६ कंपनांचे तिचे घड्याळ महिन्याकाठी जेमतेम एक सेकंद चुके. परंतु अचूकपणाची ही हौस सेलाला महाग पडली. अखेर जगाने मध्यम मार्ग पत्करला. तो आकडा ३२,७६८. दोनाला दोनाने गुणीत गेल्यास पंधराव्या घरात हा आकडा येतो. म्हणून ही कंपने पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक सेकंद हाती लागतो. शाळेतील नादकाट्याच्या आकाराचा हा क्वार्ट्झचा सूक्ष्म काटा पुढे छपाईसारख्या प्रक्रियेने एकदम शेकड्यांनी घडविता येऊ लागला आणि अतिशय स्वस्त झाला. आपल्याकडे १९८४ साली स्थापन झालेल्या टायटन कंपनीने क्वार्ट्झवरच भर दिला आणि चावी देण्याचा रोजचा परिपाठ घरोघरी हळूहळू बंद पडला.

हा सारा वारसा आपल्या विहिरीवरील यंत्राकडे आलेला आहे. त्यात बहुधा एक नव्हे, दोन स्फटिक असतात. हे समजण्यास देवासचाच दाखला उपयोगी पडतो. देवासच्या एकाच नगरात पवारांच्या दोन गाद्या नांदत होत्या. तुकोजीरावांची ती थोरली पाती आणि जिवाजीरावांची ती धाकटी पाती. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन होईपर्यंत हा दुहेरी कारभार चालू होता. मायक्रोकंट्रोलरचेही तसेच आहे. त्याची थोरली पाती म्हणजे सेकंदास १ कोटी ६० लाख किंवा ३ कोटी २० लाख कंपने करणारा एटी कापणीचा स्फटिक. बिनतारी लहर नेमकी कोणती असावी हे तो ठरवितो. पण तो खर्चिक आहे, म्हणून संदेश देण्याघेण्यापुरताच त्यास उठवावयाचे आणि लगेच निजवावयाचे. धाकटी पाती म्हणजे ३२,७६८ कंपनांचा नादकाटा. तो अगदी अल्प विजेवर अहोरात्र जागा राहतो आणि ठरल्या क्षणी थोरल्याला हाक मारतो. गावातला जागल्या जसा इतरांच्या झोपेची राखण करतो, तसा हा यंत्राचा जागल्या होय.

आता ह्या जागल्याच्या अचूकपणाची किंमत हिशेबाने पाहू. विहिरीवरील यंत्र आणि घरातील यंत्र दर मिनिटास एकदा भेटतात असे धरा. चांगल्या स्फटिकाची चूक दशलक्षात २० भागांची असते; म्हणजे दिवसाकाठी पावणेदोन सेकंदांहून किंचित कमी. दोघांच्या चुका उलट दिशांनी झाल्या तर मिळून दशलक्षात ४० भाग. एका मिनिटात ही चूक २.४ सहस्रांश सेकंदांची होते. दुसरे यंत्र तेवढे लवकर बोलेल की तेवढे उशिरा, हे ठाऊक नसल्यामुळे विहिरीवरील यंत्राला दोन्ही बाजूंस मिळून ४.८ सहस्रांश सेकंद कान उघडे ठेवावे लागतात. आता पैसे वाचविण्यासाठी स्फटिक मुळीच न बसविता मायक्रोकंट्रोलरच्या पोटातील, रोधक आणि कपॅसिटर ह्यांवर चालणारे अंगभूत घड्याळ वापरले, आणि दोघांची मिळून चूक दशलक्षात ५०० भाग झाली असे समजा. मग प्रत्येक भेटीसाठी ६० सहस्रांश सेकंद तिष्ठावे लागते.

हा फरक क्षुल्लक वाटतो, नाही का? पण झोपेत असे यंत्र सुमारे दीड मायक्रोअँपिअर वीज घेते आणि कान देऊन बसले की सुमारे १० मिलिअँपिअर. म्हणजे हजारो पट. वरील हिशेबाने पहिल्या यंत्राचा केवळ वाट पाहण्याचा सरासरी खर्च ०.८ मायक्रोअँपिअर पडतो, तर दुसऱ्याचा १०. त्यात झोपेचा खर्च मिळविला की एकाचा २.३ आणि दुसऱ्याचा ११.५. नाण्याएवढ्या सेलात सुमारे २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. भागाकार केला तर पहिले यंत्र जवळजवळ अकरा वर्षे चालेल आणि दुसरे दोन वर्षांहून थोडेसे अधिक. संदेश पाठविण्याचा खर्च आणि सेलाचे वयोमानाने झिजणे जमेस धरले म्हणजे दोन्ही आकडे खाली येतील. पण त्यांतील अंतर राहीलच. विकत घेणारा शेतकरी मात्र सेलाला दोष देतो आणि नवा सेल आणावयास जातो. दोष सेलाचा नसून तिष्ठत बसण्याचा आहे, हे त्यास कोणी सांगत नाही.

म्हणून प्रत्येक यंत्रात महागातला स्फटिक हवाच काय? तसेही नाही. जे यंत्र कोणाची वाट पाहत नाही, दर तासाला उठून ‘पाणी इतके आहे’ एवढे ओरडून सांगते आणि पुन्हा झोपी जाते, त्याला घड्याळ थोडे मागेपुढे झाले तरी चालते. कारण तिष्ठण्याचे काम विजेच्या तारेला जोडलेले घरातील यंत्र करीत असते. अशा ठिकाणी अंगभूत घड्याळ पुरेसे आहे, आणि त्यावर स्फटिकाचा पैसा घालणे हीच उधळपट्टी. परंतु ज्याला ठरल्या क्षणी हुकूम ऐकून झडप उघडावयाची आहे, त्याला जागल्या चांगला पाहिजे. निवडीचे पहिले सूत्र हेच की घड्याळ किती अचूक असावे हे त्याच्या किमतीवरून न ठरविता दोन भेटींमध्ये किती काळ जाणार आहे त्यावरून ठरवावे.

थोरल्या स्फटिकालाही हेच सूत्र निराळ्या रीतीने लागू पडते. भारतात अशा लहान यंत्रांना परवान्यावाचून वापरण्यास ८६५ मेगाहर्ट्झपासूनचा एक पट्टा मोकळा आहे. तेथे दशलक्षात २० भागांची चूक म्हणजे सुमारे १७ किलोहर्ट्झ. १२५ किलोहर्ट्झ रुंदीच्या मार्गावर बोलणाऱ्या यंत्राला एवढे सरकणे सोसते; रुंद रस्त्याच्या कडेने गाडी थोडी झुकली तरी ती रस्त्यावरच राहते, तसे. परंतु काही पद्धतींत मार्ग अवघा काहीशे हर्ट्झ रुंद असतो, पायवाटेसारखा. तेथे तीच चूक यंत्राला पार शेजारच्या वावरात नेऊन सोडील. मग तापमान पाहून स्वतःला सावरून घेणारा महाग स्फटिकसंच घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आणि आता माळव्याच्या हवेचा विचार. नादकाट्याच्या आकाराचा स्फटिक सुमारे २५ अंश तापमानास आपल्या ठराविक सुरात असतो. त्याहून वर गेले काय किंवा खाली आले काय, तो मंदच होतो. आणि हे मंद होणे तापमानातील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वैशाखातील ४५ अंशांच्या दुपारी तो दशलक्षात सुमारे १४ भाग मागे पडतो; म्हणजे दिवसभर तसेच तापमान राहिले तर सेकंदाहून किंचित अधिक. पौषातील ५ अंशांच्या पहाटेही तेवढाच मागे. यंत्र पत्र्याच्या डब्यात उन्हात ठेवले आणि आत ६५ अंश झाले, तर चूक एकदम ५४ भागांवर जाते. दिवसाकाठी पावणेपाच सेकंद. अंतर दुप्पट झाले आणि चूक चौपट, हा वर्गाचा नियम शाळकरी मुलासही ठाऊक असतो. पण माहितीपत्रकावरील ‘वीस’ हा आकडा २५ अंशांच्या खोलीतला आहे, हे मोठ्यांच्याही ध्यानात राहत नाही. ज्याने थंड खोलीत बसून यंत्र रचले, त्याचे यंत्र लोहारद्याच्या उन्हात भेट चुकविते ते ह्यामुळे. ह्यावर उपाय आहेत आणि ते खर्चाचे नाहीत. डबा सावलीत ठेवावा. तापमान मोजून चूक किती झाली असेल ती गणिताने वजा करावी. आणि प्रत्येक भेटीच्या वेळी घड्याळ नव्याने लावून घ्यावे, म्हणजे चूक साठत जात नाही.

स्फटिकाच्या दोन्ही अंगांस जे दोन चिमुकले कपॅसिटर जोडतात, त्यांचेही असेच आहे. स्फटिक कारखान्यात एका ठराविक भारावर सुरात लावलेला असतो. मनगटी घड्याळांच्या परंपरेत तो भार १२.५ पिकोफॅरड असे. हल्ली ९, ७ आणि ६ पिकोफॅरडचेही स्फटिक मिळतात. भार हलका असेल तर स्फटिकाला हालते ठेवण्यास वीज कमी लागते आणि सेल अधिक टिकतो. पण मग तांब्याच्या वाटांमधून आगंतुकपणे येणारी अल्पशी धारकताही त्याचा सूर बिघडवू शकते. शिवाय मंडलाची शक्ती स्फटिकाच्या अंतर्गत विरोधाच्या मानाने चांगली पाचपट तरी असावी असा संकेत आहे. नाही तर कार्यशाळेत चालणारे यंत्र थंडीच्या पहाटे सुरूच होत नाही. एका भाराचा स्फटिक घ्यावयाचा आणि दुसऱ्या भाराचे कपॅसिटर जोडावयाचे, ही चूक छिद्र एका वाटीचे आणि घटका दुसऱ्या वाटीची मोजण्यासारखी आहे. स्फटिक उत्तम असूनही काळ खोटा निघतो.

ह्याच्या अगदी उलट टोकाचे उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. त्या सर्वांनी मिळून एकच दुर्बीण व्हावयाची, तर सर्वांचा काळ एक असला पाहिजे. म्हणून मध्यवर्ती ठिकाणचा प्रमाणभूत सूर काचेच्या तंतूंतून प्रत्येक थाळीपर्यंत पोहोचविला जातो. तेथे अचूकपणासाठी वीज आणि पैसा खर्च करणे रास्तच आहे. घड्याळ बिघडले म्हणजे काय होते, हे भारताच्या नाविक उपग्रहमालिकेनेही दाखविले. २०१३ साली सोडलेल्या तिच्या पहिल्या उपग्रहातील तिन्ही रुबिडियम घड्याळे काही वर्षांत बंद पडली, आणि बाकी सारा उपग्रह धडधाकट असूनही स्थान सांगण्याच्या कामी तो निरुपयोगी ठरला. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहात भारतात घडविलेले रुबिडियम घड्याळ बसविण्यात आले, ते ह्या अनुभवानंतर.

विहिरीवरील यंत्राला रुबिडियमची चैन परवडणार नाही, आणि तिची त्यास गरजही नाही. त्याला हवा आहे तो असा स्फटिक, की जो आपल्या भेटीच्या अंतराला पुरेल इतका अचूक, आपल्या गावच्या ऊनथंडीत टिकणारा आणि आपल्या सेलाच्या ऐपतीत बसणारा असेल. घंगाळाजवळ बसणाऱ्या माणसाने हेच तीन प्रश्न सोडविले. युद्धकाळातील कारागिरांनी आणि मनगटी घड्याळांच्या रचनाकारांनीही तेच सोडविले. आज ते सोडविणारा तरुण इंदूरच्या किंवा पुण्याच्या कार्यशाळेत बसलेला असतो, आणि दोनचार रुपयांच्या त्या निवडीचे फळ त्याला स्वतःला क्वचितच भोगावे लागते. ते भोगतो दूरचा शेतकरी. ज्याची झडप ठरल्या वेळी उघडली नाही, त्याच्या गव्हाची पाण्याची पाळी चुकते. आणि पिकाला माहितीपत्रक वाचता येत नाही. म्हणून स्फटिक निवडताना आपल्या खोलीतील २५ अंश विसरून, ज्या बांधावर तो काळ मोजणार आहे त्या बांधाचे ऊन आधी मोजावे. बाकीचे गणित त्यानंतरचे.